पाठीवर चालणारी हुमणी

सोरेगोल, ९ नोव्हेंबर १९७२

ती. ताईस दालसूचा सा. न. वि. वि.

भावोजींच्या काविळीवर तुझ्या सासूबाईंनी आपल्या छपरातल्या हुमण्या मागवल्या, त्याप्रमाणे डबाभर पाठवतो आहे. बसचा ड्रायव्हर नाक मुरडत होता, त्याला दोन भाजलेली रताळी दिली. अळ्या चांगल्या अंगठ्याएवढ्या जाड आहेत. भावोजींना म्हणावं, लग्नात आम्ही रिवाजाप्रमाणे नवरदेवाच्या तळपायांवर मारलं तेव्हा ओरडलात तसे ओरडू नका, मुकाट गिळा.

नववर्षाला येणार म्हणतेस, पण रस्ता खराब आहे. घाई करू नकोस.

लोभ आहेच, तो असाच राहावा.
दालसू

सेऊल, १५ नोव्हेंबर

चि. दालसूस अनेक आशीर्वाद.

डबा परातीत ओतला आणि बघतच राहिले. आई काय शिकवायची, विसरलास? छपरातली हुमणी बारीक डोक्याची, आखूड पायांची. पालथी ठेवली तरी उलटते आणि पाठीवर चालते. तिचा पांढऱ्या ठिपक्यांचा भुंगा होतो. उकिरड्यातली जाडजूड, ती नुसती वाकडी होऊन कुशीवर पडते, तिचा शिंगवाला होतो. तुझी एकही पाठीवर चालली नाही.

दालसू, घराच्या छपरावर अजून पेंढाच आहे ना? सासूबाई नणंदेकडे गेल्यात, त्या परतायच्या आत खरं काय ते कळव.

वाट बघते.
ताई

सोरेगोल, २० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पेंढा नाही. वसंतात सगळ्या गावाने सिमेंटचे पत्रे घातले, शेवटी मीही घातले. जुना पेंढा ओढला तेव्हा हुमण्या बदाबदा पडल्या. कोंबड्यांची चंगळ झाली, माझ्याच्याने बघवेना.

आईला पोचवून आलो तेव्हा तू म्हणालीस, हे छप्पर आहे तोवर मला माहेर आहे. मग कोणत्या तोंडाने लिहू? तू यायचीच नाहीस, अशी भीती वाटली.

रागव, पण लोभ तोडू नये.
दालसू

सेऊल, २८ नोव्हेंबर

चि. दालसूस आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस भांडी आपटली. मग ह्यांनी विचारलं, पत्र्यावर पाऊस कसा वाजत असेल गं? तेव्हा रडू आलं आणि मोकळी झाले.

तुझ्या हुमण्या गल्लीतल्या कोंबड्यांना घातल्या. सासूबाई आल्या, आल्या आल्या विचारलं, पाठीवर चालल्या का? मी म्हटलं, परातीच्या या काठापासून त्या काठापर्यंत. बार्ली काळी होईस्तोवर भाजली, कुटली आणि हुमण्यांची पूड म्हणून पुढे ठेवली. ह्यांनी ती डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर मुकाट खाल्ली. आता डोळे निवळलेत, आणि सासूबाई शेजारीपाजारी आपल्या छपराचं कौतुक सांगत फिरतात. फिरू देत. माझ्या माहेराचं नाव मी नाही राखायचं तर कोणी?

नववर्षाला येते. तांदळाच्या वड्यांचं सूप उकळत ठेव.

लोभ पेंढ्याच्या छपरासारखा दरसाल शाकारत जावा.
ताई