आधीच केलेली सही

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे. जिना चढते आणि चढताना मला शिव्या घालते, म्हणजे तब्येत ठणठणीत. माझेच पाय संध्याकाळी भोपळ्यासारखे सुजतात. वॉर्डात चौतीस पेशंट आणि आम्ही नर्स दोघीच! डबा कधी कधी भरलेलाच घरी येतो.

आमच्या वॉर्डातली नवी नर्स, जिला मी चिमणी म्हणते, तिला घरी बसवलंय. चौकशी चालू आहे. अकरा नंबरच्या आजोबांना तिने दहापट इन्सुलिन दिलं. घामाने निथळले, बेशुद्धच पडले. वाचले बाई! दुसऱ्या दिवशी बिनसाखरेच्या चहावरून भांडले.

तू विचारशीलच, दुसरी नर्स काय करत होती? नियम आहे ना, इन्सुलिन भरलं की दुसरीने सिरिंज बघायची आणि मगच वहीत सही करायची. अगं, वेळ कुठे असतो? आम्ही सकाळी आल्या आल्याच दिवसभराच्या सह्या ठोकून मोकळ्या होतो. सगळ्याच करतात. चिमणीला हे शिकवलं कोणी? मीच. पहिल्या आठवड्यात ती सिरिंज घेऊन यायची, "सिस्टर, एकदा बघता का?" मी खेकसले, "माझ्या मागे मागे फिरू नकोस, कामं पडलीत."

त्या दुपारची सही माझी होती.

शुक्रवारी मेट्रनबाईंनी दोघींना समोर बसवलं. मला विचारलं, "सिरिंज पाहिली होती?" मी म्हटलं, "पाहिली. तेव्हा बरोबर होती." खोटं बोलले, ताई, तिच्या तोंडावर. वाटलं, पोर आता भांडेल. ती खाली बघून म्हणाली, "सिस्टर म्हणतात तर तसंच असेल." तेव्हापासून घास उतरत नाही. तिची चूक चूकच आहे, पण ती एकटीची नाही.

तू म्हणशील, गप्प बस, आईचं औषधपाणी तुझ्या पगारावर चालतं. खरंय. एकोणीस वर्षांची नोकरी आहे, ती जाईल अशी भीती वाटते. म्हणूनच तुला आधी विचारत नाही. उद्या मेट्रनबाईंच्या हातात लेखी जबाब देईन आणि मगच हे पत्र पेटीत टाकेन. तुला मिळेल तेव्हा मला अडवायची वेळ गेलेली असेल.

माझ्यावर रागव, हवं तेवढं. पण आईला तूच सांग. मेट्रनबाईंना सांगायची हिंमत केली, तिला सांगायची होत नाही.

तुझीच,
धाकटी