लेकीचं बाळंतपण सोडून

आये,

दिवाळी झाली की आम्ही दोघं आफ्रिकेत चाललोय. मोझांबिक नावाचा देश आहे, तिथल्या एका खेड्यात, दोन वर्षांसाठी, बिनपगारी. एका सेवाभावी संस्थेचं छोटंसं प्रसूतिगृह आहे. मी तिथं बाळंतपणं करणार, आणि तुझा जावई, ज्याचा जन्म वीज खात्याच्या खांबांवर चढण्यात गेला, तो तिथले सौर दिवे आणि लसींचा फ्रीज सांभाळणार. तू जाऊन बावीस वर्षं झाली, तरी ही बातमी तुला माझ्याच तोंडून कळावी असं वाटलं. लोकांकडून कळली तर तू पदर खोचून भांडायला उठशील. इथं कारापुरात लोक आमच्या तोंडावर म्हणतात, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजताय. पाठीमागे म्हणतात ते जास्त लागतं. लेक पोटुशी आहे, पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि ही बया परक्यांची बाळंतपणं करायला निघाली.

खोटं काही नाही त्यात. तिला मार्गशीर्षातले दिवस दिलेत आणि आमचं विमान कार्तिकात. पुढं ढकलता येईल का म्हणून मी संस्थेला दोनदा विचारलं. तिथली नर्स सोडून चाललीय, जागा रिकामी ठेवता येत नाही, आणि पुढच्या वर्षी मला साठ पूर्ण होतील. साठीनंतर ते कुणाला घेत नाहीत. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. हे लेकीला सांगितलं तेव्हा ती 'बरं' म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मग आठ दिवस तिचा फोन नाही. एरवी बँकेतून सुटली की म्हापशाच्या बसस्टँडवर पोचेपर्यंत माझ्याशी बोलत चालणारी पोरगी. ते आठ दिवस मी तुझ्या जावयावर उगाच खेकसत होते.

त्याच्या उत्साहाला मात्र ऊत आलाय. तिथं पोर्तुगीज बोलतात म्हणून मोबाईलवर धडे घेतो. पहिल्याच धड्यात खिडकीला आपलंच जनेल निघालं, मग चमच्याला कुलेर, मेज, बालदी, पाव. 'आगो, अर्दी भास आमच्या रांदचेकुडीतच आसा,' असं स्वयंपाकघराकडं बोट दाखवत म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून मलाच शिकवायला लागला. क्रियापद आलं की चष्मा पुसत बसतो ते सोड. बॅगेला वजनाची मर्यादा आहे, त्यात उकडे तांदूळ न्यायचे की माझ्या साड्या, यावरून आमचं रोज वाजतं. पण खरं सांगू, या वयात हा माणूस माझ्याबरोबर निघालाय, एकदाही 'कशाला' म्हणाला नाही, याचा मला अभिमान वाटतो. त्याला मी हे सांगितलेलं नाही. लगेच डोक्यावर चढून बसेल.

निघण्याआधी महिनाभर लॅपटॉपवर संस्थेची शिकवणी होती, शिकवणारी अगदी तरुण मुलगी. छत्तीस वर्षं वॉर्डात काढून वर्षभरापूर्वी नोकरी सोडलेली मी, मला ही कालची पोर काय शिकवणार, अशा तोऱ्यात मी बसले. आणि ती काय शिकवते, तर बाईला टेबलावर उताणी पाडून ठेवू नका. उठू द्या, चालू द्या, उकिडवं बसायचं असेल तर बसू द्या, वरून दोरी बांधून धरायला द्या. माझ्या मागं उभा राहून तुझा जावई म्हणाला, 'ही तर तुझी आवयच बोलता.' मला एक जुना दिवस आठवला. नर्स होऊन पहिल्या सुट्टीला मी हळर्णला आले होते, आणि तू मला शेजारच्या वाड्यावर एका बाळंतपणाला बरोबर नेलंस. मिरवायलाच नेलं असणार. वाशाला दोरी बांधलेली, ती बाई दोरी धरून उकिडवी बसलेली, आणि मी चार बायकांदेखत म्हटलं, हे काय अडाणीपण, तिला आडवी करा आधी. तू वरही बघितलं नाहीस. 'तिका बसाक दी,' म्हणालीस, 'आनी तू भायर जाऊन पाणी तापय.' मी चुलीपुढं बसून रडले आणि तुला मनात नाही नाही ते बोलले. आता या शिकवणीत मी हात वर केला आणि सांगितलं, माझी आई चाळीस वर्षं हेच करत होती. त्या मुलीनं पुढचा धडा थांबवला आणि मला बोलायला लावलं. बांगड्या वर सारून फडक्यानं बांधण्यापासून वार पडेपर्यंत त्या घरचं पाणीही न पिण्यापर्यंत मी सगळं सांगितलं. त्या दिवशी माझी छाती फुगली होती आये, लपवत नाही.

एक दिवस मात्र सांगितला नाही. मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडं आलेय. दुपार आहे, कळा नुकत्या सुरू झाल्यात, मी पडवीत येरझाऱ्या घालतेय. नदीपलीकडून माणूस होडी घेऊन येतो. बाई अडलीय, मूल आडवं आहे. तू माझ्या पोटावर हात ठेवतेस, बराच वेळ ठेवतेस. 'तुका अजून येळ आसा. तिका नाय,' म्हणतेस आणि त्याच्या मागून चालू लागतेस. मी हाक मारत नाही, एवढा ताठा माझ्यात होताच. तुझा अंदाज चुकला. लेक संध्याकाळच्या आतच झाली, शेजारच्या काकीच्या हातावर, आणि तू आलीस दोन तासांनी, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. दारातूनच 'दोगांय बरी?' म्हणालीस. मी भिंतीकडं तोंड फिरवलं. पलीकडच्या बाईचं काय झालं हेही विचारलं नाही. ती आणि तिचं मूल, दोघं वाचली, हे मला पुष्कळ वर्षांनी त्या होडीवाल्याकडून कळलं. आपलं बोलणं-चालणं पुढं सुरू राहिलं, पण त्या दिवसाबद्दल मी तुला कधी क्षमा केली नाही. इतकी बाळंतपणं केल्यावर आज सांगते, तशा पोटावर हात ठेवून मीही तेच म्हटलं असतं, आणि मीही गेले असते.

नवव्या दिवशी, रविवारी, लेक न कळवता आली. बॅग वजनकाट्यावर होती. पोट सांभाळत ती खुर्चीत बसली. 'आठ दिवस राग होतो माका तुजो,' म्हणाली, 'अजून थोडो आसा.' मी म्हटलं, तू नको म्हणालीस तर नाही जात. मनापासून म्हटलं, आणि तिनं 'नको' म्हणू नये असंही वाटत होतं. तिनं बसल्या जागेवरूनच बॅग उघडून आत बघितलं. मग म्हणाली, 'माका डॉक्टर आसा, सासू आसा, घोव आसा. थंय त्या बायलांक कोण आसा? तू जा गो.' उठली, बॅगेतल्या माझ्या दोन साड्या काढल्या आणि तिथं बापाचे तांदूळ भरले. तो विजयी चेहऱ्यानं माझ्याकडं बघत होता. मी आत जाऊन डोळे पुसून आले.

परवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कोकमाची सोलं घ्यायला गेले, तर सोलंवाली माझ्याकडं बघतच राहिली. 'आफ्रिकेक चल्ली ती नर्स तूच मगो? तुज्या चेडवान बँकेत सगळ्यांक सांगला.' वर एक मूठ सोलं जास्तीची घातली. बाजूच्या भाजीवालीलाही माहीत होतं. मी पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत आले ते हवेतच, आणि बसमध्ये बसल्यावर तू आठवलीस आणि मला स्वतःची लाज वाटली.

माझी लेक भर बाजारात मला मिरवते. मी तुला, त्या शिकवणीतल्या पंधरा मिनिटांपर्यंत, कधी मिरवलं नव्हतं. आज घरी कुणी नाही, तर हे सांगूनच टाकते. पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे, म्हणून हात धजतो. नर्सिंगला जाताना फॉर्म भरला, त्यात आईच्या कामाचा रकाना होता. माझ्या शेजारी म्हापशाच्या मुली बसल्या होत्या, कुणाची आई शिक्षिका, कुणाची कचेरीत. मी 'घरकाम' असं लिहिलं. बाबांच्या सहीसाठी कागद घरी आणला, तेव्हा तू हात पुसलेस आणि तो दोन्ही हातांत धरलास. तुला वाचता येत नव्हतं. 'माजा काम काय लिवलंस?' विचारलंस. मी म्हटलं, सुईण. तू किती वेळ तो कागद खाली ठेवला नाहीस. मग हळर्णभर सांगत सुटलीस की तुझं काम सरकारी कागदावर चढलं. पुढं तू जाईपर्यंत एकोणीस वर्षं सांगत होतीस, आणि दर वेळी मी शेजारी उभी राहून हो म्हणत होते.