टेकडीमागचा जाळ

प्रिय आई,

आप्पा उद्या गावी परत चाललेत. आतल्या खोलीत बॅग भरताहेत आणि भरता भरता एकटेच बडबडताहेत. यात काय सांगायचं, असं म्हणशील. पण तू गेल्यापासून ही बडबड ऐकायला माझे कान आसुसले होते गं! म्हणून तर पत्र लिहायला बसले. चौथी शिकलेली तू, जोडाक्षर आलं की अडखळायचीस. तेव्हा जमेल तितकं सोपं लिहिते.

आप्पांनी तुझं नाव कधी घेतलं नाही. जन्मभर नुसतं ‘अगं’. अगं, चहा टाक. अगं, माझी टोपी कुठं हाय? तू गेलीस आणि तो शब्दच घरातून गेला. इथे जपानात, निशी-कसाईला माझ्याकडे आले तेव्हा वाटलं, इथे तरी मोकळे होतील. कसलं काय! कचरा वेगळा करायला शिकले, खालच्या दुकानातून एकटे जाऊन दूध आणायला लागले. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे. पण तुझा विषय निघाला की उठायचे आणि धुतलेले कप पुन्हा धुवायचे!

मला भीती वाटायला लागली होती, आई. हा माणूस गावी त्या रिकाम्या घरात जाऊन काय करणार? एक दिवस बोलायचंच विसरला तर? जाताना तू मला सगळं सांगितलंस, गॅसच्या शेगडीचं बटण कुठे अडकतं तेसुद्धा. आप्पांना बोलतं कसं करायचं, तेवढं मात्र सांगितलं नाहीस!

माझ्या ऑफिसातल्या मोरी-सानचं माहेर होक्काइदोत, जपानच्या अगदी उत्तरेला. त्या म्हणाल्या, “वडिलांना घेऊन ये. बर्फ दाखवू.” त्याच आठवड्यात सूर्यावर मोठं वादळ झालं होतं आणि तिथून ध्रुवीय प्रकाश दिसेल अशी बातमी होती. नॉर्दर्न लाइट्स, आई! कॉलेजात फिजिक्स शिकताना मी तुला त्याचा फोटो दाखवला होता, आठवतं? तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, “आकाशाला लुगडं नेसवलंय जणू.”

विमानात मी आप्पांना सगळं समजावलं. कागदी रुमालावर सूर्य काढला, पृथ्वी काढली. सूर्यातून बारीक कण निघतात, पृथ्वीच्या चुंबकामुळे ते उत्तरेकडे वळतात, हवेवर आपटतात, मग उजेड पडतो. घरातली पहिली पदवीधर ना मी, सांगितल्याशिवाय राहवतंय कुठे! आप्पा “हं” म्हणाले आणि त्याच रुमालाला हात पुसले.

तिथे हिवाळ्यात चार वाजताच सूर्य मावळतो. संध्याकाळी मी आणि मोरी-सान दाराशी बसून बूट चढवत होतो. आप्पा आधीच अंगणात गेले होते. एवढ्यात त्यांचा आवाज आला. असा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता.

“अगं! पोतं भिजव! ह्या अंगानं आलं बघ!”

मी एका पायात बूट घालून धावले. समोरच्या टेकडीमागे आकाश लाल झालं होतं. फोटोतल्यासारखं हिरवं, लहरणारं काही नव्हतं. राखेखाली निखारा धुमसावा तसा मंद, खोल लाल उजेड. खरं सांगू? क्षणभर मलाही पाचटच पेटल्यासारखं वाटलं. ऊस तुटून गेला की उरलेला वाळका पाला जाळतात, तेव्हा आपल्याकडे रात्री आभाळ दिसतं ना, अगदी तसं.

“आप्पा, जाळ नाही तो. इथे ऊस कुठला? गुडघाभर बर्फ आहे.”

“मग घर पेटलं असंल कुणाचं! उभी काय राहिलीस? सांग की त्या बाईला!”

मोरी-सानना सांगितलं, तर त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, “माझी आजी सांगायची, पूर्वी असं आभाळ लाल झालं की गावातले लोक बादल्या घेऊन धावायचे.”

मी ते आप्पांना सांगितलं. “बघ,” ते म्हणाले, “म्हणजे मी एकटाच येडा न्हाई.”

आणि मग त्यांना कळलं, आपण कुणाला हाक मारली ते. त्यांचा हात अजून उजवीकडे पसरलेला होता. हळूच त्यांनी तो खाली घेतला. मोरी-सान आत चहा करायला गेल्या.

आप्पा बाकावरचा बर्फ झटकून बसले. मी शेजारी बसले. आता उठतील आणि आत जाऊन कप धुतील, असं वाटलं. पण ते बोलले.

“मी पाचट पेटवायचो आन् तुझी आई वल्लं पोतं घेऊन बांधावर उभी ऱ्हायची. जाळ शेजाऱ्याच्या उसाकडं सरकला की हाणायची. कंदी मागं हटली न्हाई. एका साली मात्र पोतं टाकलं आन् जाळातच घुसली की! मी वरडतोय, अगं मरशील! बाहेर आली ती पदरात टिटवीची अंडी घेऊन. भुवया जळालेल्या.”

“मग?”

“मग काय! अंडी उबली न्हाईत. चार दिवस माझ्याशी बोलली न्हाई. त्या सालापासून मला काडी लावू दिली न्हाई. पाचट सरीत कुजवायला लावलं. सगळं गाव हसलं. बायकूच्या ताब्यात गेलाय म्हणाले.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणलं, व्हय. गेलोय.”

आई, हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस? पर्यावरणावर मी कॉलेजात केवढी भाषणं ठोकली! तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास. एकदा तरी म्हणायचंस, “पोरी, हे मी केलंय.” अशी कशी गं तू?

लाल उजेड विरत गेला तरी आप्पा थांबले नाहीत. तुमच्या लग्नातल्या जेवणावळीत मीठ कमी पडलं होतं, हेही मला त्या बाकावरच कळलं. चहा निवला, मोरी-साननी पुन्हा गरम करून आणला. त्यांना एकही शब्द कळत नव्हता, तरी त्याही आमच्याजवळ बसून राहिल्या.

मध्येच आप्पा म्हणाले, “शिवाला फोन लाव.” आपलं रान आता चुलतभाऊ शिवाच बघतो ना. ऊस तुटून गेलाय, पाचट पेटवू का, असं तो परवापासून मला मेसेजवर विचारत होता आणि आप्पा फोनच उचलत नव्हते. गावी तेव्हा दुपार होती. मी फोन लावून दिला.

“शिवा, काडी लावू नको. मी येतोय, दोघं मिळून सरीत दाबू... आरं, त्रास आसंल तर आसूं दे. तिला चालत न्हाई.”

तिला चालत नाही! आई, ऐकलंस ना तू?

ध्रुवीय प्रकाश कसा होता, असं ऑफिसात सगळे विचारताहेत. मी सांगते, फार अंधूक होता, फोटोसुद्धा नीट आला नाही. याहून जास्त त्यांना काय सांगू?

तुझी जागा घ्यायला मला जमायचं नाही आणि घेणारही नाही. पण एक शब्द देते. दर रविवारी फोनवर आप्पांना तुझी एक तरी गोष्ट विचारीन. नवी असो नाहीतर दहादा सांगून झालेली, पहिल्यांदाच ऐकतेय अशी ऐकीन. आणि ऐकता ऐकता रडू आलं, तरी फोन ठेवणार नाही.

तुझी,
शुभा