कानात सांगायचं नाव

पिंपरी,
रविवार, ता. २४ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप दादास,

क्लाराचा नमस्कार आणि जय ख्रिस्त. आम्ही दोघं इकडे सुखरूप आहोत. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. वहिनीचा गुडघा काय म्हणतो ते कळव.

एवढ्या दिवसांनी पत्र आलं म्हणून तुझी भुवई वर गेली असेल. जाऊ दे. नाताळात यांनी कार्ड टाकलं होतं, त्यावर खाली माझी सही होती, तेच पत्र समज. हे औषधाच्या कारखान्यात आता कायम झाले. शिफ्ट बदलली की माझ्या चुलीची वेळ बदलते, एवढाच काय तो फरक. निवडणुकीच्या मोटारी कर्णे लावून दिवसभर ओरडतायत, त्यामुळे दुपारची झोप कुणाच्या नशिबात नाही.

तू धर्मशिक्षक माणूस, इथल्या चर्चची चौकशी करणारच. तर चर्च अजून नाही. फादर लोपीस दर रविवारी खडकीहून सायकलवर येतात. मागे पेटी बांधलेली असते, तिच्यात वेदीचं सगळं सामान. फर्नांडिस फोरमनच्या ओसरीत टेबल मांडायचं, त्यावर मी धुतलेलं पांढरं कापड घालायचं, की झालं आमचं चर्च. मिस्सा लॅटिनमध्ये, प्रवचन मराठीत आणि बसायच्या जागेवरून कुरबूर कोंकणीत. वेदीची कापडं धुवायचं काम माझ्याकडे आहे. पहिलं पाणी फादर स्वतः विसळून झाडाच्या मुळाशी ओततात, मगच मला देतात. मी ती पवनेवर नेते, आणि तिथल्या बायका बाजूचा दगड मला मोकळा करून देतात. का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

मिस्सेनंतर आम्ही बायका दोघी-दोघींनी आजाऱ्यांना भेटायला जातो. जात-धर्म विचारायचा नाही, असं फादरांनी बजावलंय. कुणाची बाळंतीण न्हाऊ घालायची, कुणा एकट्या म्हातारीचं पाणी भरायचं. मला हे काम आवडतं. तुला आश्चर्य वाटेल, पण आवडतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून सयाजी आणि सुभद्रा राहतात. तो मूळचा मोशीचा, कारखान्यात हमालीला आहे. त्याची आई गवराबाई इथेच असते. सुभद्राला पहिला मुलगा झाला. मध्यंतरी त्याच्या अंगात गारवा शिरला आणि पोर हातचं जायला आलं होतं. मी जवळ होते. पाठ चोळली, पोर रडलं, सुधारलं. आता आळीभर माझंच नाव झालंय. आजारपणामुळे बारसं लांबलं होतं, ते पुढच्या महिन्यात करणार आहेत. सयाजीला सख्खी-चुलत कुठलीच बहीण नाही, म्हणून सुभद्रा म्हणते, पोराच्या कानात नाव तुम्हीच सांगायचं, आत्या तुम्हीच. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणायचं?

जाता जाता एक विचारायचं राहिलं. आमच्यातल्या एका बाईनं परक्या धर्माच्या एका मरणाला टेकलेल्या पोराला, त्याच्या आईबापांच्या नकळत, बाप्तिस्मा दिला. संकटात कुणीही द्यावा असं तूच आम्हाला शिकवलंस. पण ते पोर वाचलं. मग तो बाप्तिस्मा धरायचा का? आणि त्या बाईनं काय करावं? तिनं मला विचारलं, म्हणून तुला विचारते. तशी घाई नाही. बारशाच्या आधी कळलं तर बरं.

वहिनीला नमस्कार, मुलांना पापे.

तुझी धाकटी बहीण,
क्लारा

---

पिंपरी,
राखेचा बुधवार, ता. ६ मार्च १९५७

ती. दादास,

क्लाराचा जय ख्रिस्त. तुझं कार्ड काल मिळालं. नियम तू नीट लिहिलास. बाप्तिस्मा खरा, पुसता येत नाही, बाईनं फादरांकडे जावं. आणि खाली बारीक अक्षरात, "क्लारा, ती बाई कोण?"

ती बाई मीच. तुला वाचतानाच कळलं असणार. तरी तू विचारावंस म्हणून मी थांबले होते.

त्या दिवशी गवराबाई मोशीला गेल्या होत्या. दुपारी सुभद्रा पोराला घेऊन माझ्या दारात आली. दूध ओढत नव्हतं, ओठ निळे पडले होते. सयाजी कामावर. "ताई, धरा याला, म्या डाक्टरला आणते," म्हणाली आणि ती ओली बाळंतीण अनवाणी कारखान्याच्या फाटकाकडे पळाली. खरं तर मी पळायला हवं होतं. माझे पाय धडधाकट आहेत. हे मला नंतर सुचलं.

पोराचा श्वास थांबला असं मला वाटलं. मांडीवर तसं गार पोर मी एकदाच धरलं होतं, माझं स्वतःचं. तू तेव्हा शेजारच्या गावी शिकवायला गेला होतास. मी म्हटलं, दादा येईल, तोच रीतसर बाप्तिस्मा देईल. पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी होता, शब्द पाठ होते, आणि मी तुझी वाट पाहत बसले. तू आलास तोवर सगळं आटोपलं होतं. मग तू म्हणालास, बाप्तिस्मा झालेला नाही, कबरस्तानाच्या भिंतीच्या आत पुरता येणार नाही. बाहेर लिंबाखाली पुरलंस. तुझा आवाजसुद्धा हलला नाही. पत्रं त्यामुळे कमी झाली, दादा. आता विषय निघालाच आहे, तर लिहून टाकते.

म्हणून या वेळी मी थांबले नाही. माठातलं पाणी घेतलं, पोराच्या कपाळावर घातलं आणि तू शिकवलेले शब्द म्हटले. त्या शब्दांच्या आधी नाव घ्यावं लागतं. सुभद्राच्या पोराला अजून नाव नव्हतं. माझ्या तोंडातून 'आंतोन' आलं. माझ्या बाळाला ठेवायचं म्हणून जपलेलं नाव.

माठातलं पाणी गार. पोर दचकलं, अंग ताठ केलं आणि असं रडलं की बाहेरची कुत्री उठली. डॉक्टर आले, पोर गुंडाळून उबेला ठेवायला सांगितलं. "तुम्ही काय केलंत?" असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, पाठ चोळली. सुभद्रानं माझे पाय धरले. मी तिला धरू दिले.

इथवरचं फादरांना सांगता येईल. पुढचं कसं सांगावं ते मला कळत नाही, म्हणून आधी तुला लिहिते.

ते पोर रडलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण पहिलं मनात आलं ते असं, की गेलं, आता हे तिचंच. मी त्याला वाचवत नव्हते, दादा. ते मरणारच असं मी धरून चालले होते. आणि मेलं तर ते माझं होणार होतं. देवाघरी माझं म्हणून एक पोर असेल, त्याला तरी आत घेतील, एवढीच हाव होती. पाठ चोळायची सोड, मी त्याला छातीशीसुद्धा धरलं नाही. आणि सगळी आळी म्हणते, क्लाराबाईनं पोर वाचवलं.

त्यानंतर हे पाप मनात ठेवून मी ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला वेदीपाशी गेलेली नाही. दर रविवारी ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहते. फर्नांडिसबाईनं विचारलं, तर चुकून चहा प्यायले, उपास मोडला म्हणाले. दर रविवारी कोण चुकून चहा पितं? आज कपाळाला पश्चात्तापाची राख लागली तेव्हा मात्र वाटलं, हे आपलं हक्काचं.

येत्या रविवारी बारसं आहे. सुभद्रानं माझ्यासाठी खण आणलाय, हिरवा. तो मला तीनदा उघडून दाखवलाय. मी तिच्या पोराला मांडीवर घेऊन त्याच्या कानात कुठल्या तोंडानं नाव सांगू?

तुझी,
क्लारा

---

पिंपरी,
सोमवार, ता. ११ मार्च १९५७

ती. दादास,

जय ख्रिस्त. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. या वेळी कुणाची वाट पाहायची नाही असं ठरवलं होतं.

शनिवारी हे कामावर गेल्यावर मी बसनं खडकीला गेले आणि पापनिवेदन केलं. सगळं सांगितलं, तुला लिहिलेलं शेवटचंसुद्धा. फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाप्तिस्मा पुसला जात नाही. तू त्या मुलासाठी रोज प्रार्थना कर, पण त्याला आपल्याकडे ओढू नकोस. तो त्याच्या आईचा आहे. आणि जे तिच्या मागे केलंस ते तिच्या तोंडावर सांग." मी विचारलं, बारसं झाल्यावर सांगितलं तर चालेल का? म्हणाले, "नंतर सांगितलंस, तर तिच्या मागे आणखी एक गोष्ट केल्यासारखं होईल."

परत आले तेव्हा सुभद्रा दारात पाळणा पुसत होती. पोर शेजारी गोधडीवर पाय झाडत होतं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की पाठ चोळली नव्हती, आमच्या देवाचं नाव घेऊन पाणी घातलं होतं, आमच्यात त्याला असा असा अर्थ असतो.

ती हसली. म्हणाली, "मंग काय झालं, ताई? तुमच्या देवानं ऐकलं. आमी बी म्हसोबाला नवस बोललो हाय, त्यो बी फेडणार."

तिथंच थांबले असते तर सगळं गोड झालं असतं. हिरवा खण अंगावर आला असता. थांबावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण फादरांनी सगळं सांग म्हटलं होतं, आणि मीही जरा हट्टी. म्हटलं, सुभद्रा, पाणी घालताना मी त्याचं नावही घेतलं. आंतोन.

"आंतोन कोन?"

मी सांगितलं.

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. आधी पोराला उचललं आणि पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "माझं लेकरू जगायला धडपडत व्हतं, आन् तुमी त्याला गेलेल्याचं नाव लावलं? त्याला तिकडं धाडायला निघाला व्हता व्हय?"

दादा, देवाधर्माचा तिला काही राग नव्हता. तिनं बरोबर त्यावरच बोट ठेवलं, जे मी तिला सांगितलंच नव्हतं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण नाही म्हणता आलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि पोराला घेऊन आत गेली.

काल सकाळी मिस्सेला गेले. ख्रिस्तशरीर घेतलं. फर्नांडिसबाई म्हणाली, आज चहा नाही वाटतं.

संध्याकाळी भिंतीपलीकडे बारसं झालं. मी आपल्या घरात बसून ऐकलं. पाळणा म्हटला, बायका हसल्या, मग 'कुर्र' झालं आणि नाव सांगणारीच्या पाठीवर धपाटे बसले. मोशीची कुणी लांबची नणंद आणली होती म्हणे. पोराचं नाव बबन ठेवलं. चांगलं नाव आहे. तोंडात बसायला सोपं.

हे म्हणाले, बाहेर फिरायला जाऊ. मी नको म्हटलं. तो आवाज मला ऐकायचाच होता.

दिवेलागणीला गवराबाई वाटीभर घुगऱ्या घेऊन आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावर ठेवल्या. म्हणाल्या, "सुनंचा राग हाय. ऱ्हाऊ द्या, तिचा हक्क हाय त्यो. पर पोरानं श्वास घेतला तो तुमच्या मांडीवर. तेवढ्यापुरत्या हायेत ह्या." एवढं बोलून गेल्या. मी उंबऱ्यात बसून सगळ्या घुगऱ्या खाल्ल्या, यांच्यासाठी चार दाणेही ठेवले नाहीत.

सुभद्रा आज पाण्याला गेली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती कधी बोलेल की नाही, ठाऊक नाही. मी वाट पाहत बसणार नाही, पण तिचं पाणी भरायचं राहिलं तर भरून ठेवीन.

मात्र तिचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. मी तिच्या लेकराचं वाईट केलं, हे तर आहेच. पण माझ्याही लेकराचं केलं. त्याच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती, त्याचं नाव, आणि तेही मी उचलून दुसऱ्याला दिलं. आणि गंमत बघ, त्याला स्वतःला ते मी कधी सांगितलंच नव्हतं. तू येशील आणि सांगशील म्हणून ठेवून दिलं होतं.

म्हणून दादा, एक काम कर. एखाद्या दिवशी मुलं शाळेत गेली की भिंतीबाहेर लिंबाखाली जा. मी तुला नियम मोडायला सांगत नाही. त्याला आत आणू नकोस, पाणी शिंपडू नकोस, प्रार्थना आली तर म्हण, नाही आली तर राहू दे. फक्त खाली वाक आणि त्याला त्याचं नाव सांग. आमच्याकडे आत्या नाही. मामानं सांगितलं तरी चालेल.

सांगितलंस की मला कार्ड टाक. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या भाच्याची, आंतोनची आई,
क्लारा