न धुतलेल्या ड्रमातलं तेल

मी, व्यंकटराव नारायणराव औंढेकर, वय ७१, महाविद्यालयातील निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार हिंगोली, पूर्ण शुद्धीवर आणि स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. पत्नी तारा दोनदा दारातून डोकावून गेली, पण त्याला दडपण म्हणता येणार नाही.

१. राहतं घर व बँकेतील शिल्लक तारा हिस मिळावी.

२. डोंगरकडा गावचं रान मुलगा विश्वजीत यास. हळद काढण्याआधी कापलेली पानं त्याने बांधावर जाळू नयेत. त्या पानांत तेल असतं, हे गावात सर्वांत आधी मी सांगितलं.

३. तेल काढण्याचं माझं काचेचं उपकरण माझ्या हाताखाली शिकलेल्या संपदा हिस. येथे थोडा खुलासा करणं भाग आहे. २०१७ साली मी रानातच, हळद शिजवायच्या ड्रमात पानं वाफवून तेल काढलं. तपासणीत टर्मेरोन हे द्रव्य भरपूर निघालं, जे खरं तर कंदाच्या तेलात असतं. पान कंदाच्या तोडीचं आहे, असं मी गावभर सांगत सुटलो. ताराने बाटली हुंगली आणि म्हणाली, "अहो, याला पानाचा वास न्हाई, कंदाचा येऊन राहिला. ड्रम धुतला व्हता का?" सातवी शिकलेल्या बाईला यातलं काय कळतं, असं मी पाहुण्यांसमोर बोललो. ड्रम धुतला नव्हता. आदल्या दिवशी त्यातच शेजाऱ्यांची हळद शिजली होती.

दोन वर्षांनी संपदाने तोच ड्रम घासून, त्याच रानातल्या पानांचं तेल काढलं. त्यात पानाचं म्हणून ओळखलं जाणारं फेलॅन्ड्रीन सर्वांत जास्त, टर्मेरोन नावापुरतं. शिवाय त्या तेलाने काचेच्या बशीतली बुरशी वाढू दिली नाही. तिचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभार होते, सौ. तारा औंढेकर यांचे. एकतीस वर्षं मी कॉलेजच्या बाटल्या धुतल्या, माझं नाव कुठेच नाही. संपदाचा हेवा वाटला, ताराचा त्याहून जास्त. ताराने निबंधाचं ते छापील पान देवघरात ठेवलं, तेव्हापासून मी तिथे दिवा लावत नाही.

<s>अट: संपदाने पुढच्या निबंधात माझं नाव पहिलं छापावं, तरच उपकरण तिला मिळेल.</s> (व्यं. ना. औंढेकर)

४. वरील अट मी स्वतः खोडून शेजारी सही केली आहे. मसुदा ताराला वाचून दाखवला, तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, "संपदानं तुमच्या पहिल्या तेलाची सगळी हकीकत लिहून तुमचेच आभार मानले व्हते. मीच काढायला लावलं. लोक हसले असते तुमाला." सहा वर्षं ती हे बोलली नव्हती.

५. २०१७ ची बाटली तारा हिस. बाटलीवरची 'शुद्ध पानाचं तेल' ही चिठ्ठी काढून आज नवी लावली आहे: 'हळदीचं पान, न धुतलेला ड्रम. चूक व्यंकटराव औंढेकर यांची. ओळखली ताराने.' संपदाने ती जशीच्या तशी छापावी. माझं नाव त्यात पहिलं आहेच.

तारा लाभार्थी असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. ती आत दिव्यात तेल घालत आहे. सही करून मी तिकडेच जाणार आहे.

सही: व्यं. ना. औंढेकर
साक्षीदार: १) किसनसिंग ठाकूर, शेजारी २) चांगुणा मस्के, शेजारी
हिंगोली, ९ मार्च २०२५