पिवळ्या गाडीची पहिली मालकीण

प्रिय दुर्गेश,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. "उन्नती, जरा प्रॅक्टिकल हो" एवढं म्हणतोस आणि दुसरा कॉल आला म्हणून ठेवून देतोस. पत्र तू अर्धवट वाचून फेकू शकशील, पण मला मधेच तोडू शकणार नाहीस.

इकडे नागपुरात बरं आहे. धंतोलीतल्या त्याच हॉस्पिटलात मी अजून एक्स-रे काढते. बाबांचा गुडघा बदलला, आता ते माझ्यापेक्षा भरभर चालतात. आणि सुट्टी मिळाली की मी अजूनही परदेशी गाड्यांच्या मागे असते. कॉलेजात असताना सदरच्या चौकात उभं राहून आपण ज्यांचे फोटो काढायचो, त्याच. बाकीच्या पोरांचं फोटोवर भागायचं, आपलं भागत नव्हतं. ही गाडी देशात कधी आली, कोणी मागवली, मग कोणाकडे गेली, रंग कोणी बदलला, हे कळेपर्यंत तुला जेवण जायचं नाही. त्यातूनच आपली वेबसाइट झाली. महागड्या जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपनीत तू मुंबईला गेलास तेव्हा मला वाटलं होतं की ती आपल्या दोघांची म्हणूनच राहील. असो.

तुमच्या कंपनीनं विकायला काढलेली ती काळी लॅम्बोर्गिनी मी पाहिली आणि सांगाड्यावर कोरलेला चॅसिस नंबर आपल्या नोंदींशी जुळवून बघितला. नंबर पिवळ्या गाडीचा निघाला, अठरा वर्षांपूर्वी नागपुरात आलेल्या. तुमच्या माहितीपत्रकात लिहिलंय, 'कै. ओमप्रकाशजींनी हौसेने घेतलेली, एकाच घराण्याने जपलेली.' अरे, ओमप्रकाशजींना मी त्यांच्या सदरच्या दुकानात पाहिलंय. गादीवरून उठायला त्यांना दोन माणसं लागायची. जमिनीला टेकलेल्या त्या गाडीत ते बसले असते, तर उतरले कसे असते?

मग मी शोधत गेले. मुंबईच्या शोरूममधल्या ज्या गृहस्थांनी ती गाडी ताब्यात दिली होती, ते आता निवृत्त आहेत. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "शेठ कुठले? मॅडम आल्या होत्या. गाडी त्यांच्याच नावावर होती. पिवळा रंग त्यांनीच निवडला. नवरा हसत शेजारी बसला आणि त्या चालवत निघाल्या." मॅडम म्हणजे ओमप्रकाशजींची मोठी सून, प्रीतीताई.

ताई मला जरीपटक्यात भेटल्या. बायकांना गाडी शिकवायची त्यांची शाळा आहे तिथे. मला मागच्या सीटवर बसवलं, पुढे एक घाबरलेली शिकाऊ बाई, आणि ऐन बाजारातून आमची मुलाखत. "क्लच हळू सोड वं, तो काई पळून नाई चालला," असं तिला सांगत ताई माझ्याशी बोलत होत्या. त्यांचा नवरा रोहित लोक म्हणतात तसा अपघातात नाही, तापानं गेला, चार दिवसांत. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या दिरानं, विक्कीनं, किल्ली मागितली. विधवा बाई पिवळ्या गाडीत फिरते, लोक काय म्हणतील? कागद पुढे केले, ताईंनी सही केली. गाडी काळी झाली. पुढे त्यांनी धम्मदीप सर म्हणून एका शिक्षकांशी जातीबाहेर लग्न केलं, त्या दिवसापासून त्या घराच्या भिंतीवरच्या सगळ्या फोटोंतून ताई गेल्या. रोहितच्या शेजारी नुसती मोकळी जागा.

मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे, जुनं कशाला उकरतेस. मी तसं विचारलंही. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि मागे वळून पाहिलं. "काहून जाऊ देऊ? गाडी गेली, ठीक आहे. मी तं जित्ती आहो ना? लिही. माहं नाव पुरं लिही."

मी वेबसाइटवर लिहिलं. आठवड्यात विक्की हॉस्पिटलात आला. पेशंट बाकावर बसलेले, त्यांच्यासमोर म्हणाला, "मॅडम, गाड्यांचा इतिहास लिहा ना. आमच्या घराचा काहून लिहून राहिल्या?" मी म्हटलं, "गाडी कोणाची होती, हे नाही लिहायचं, तर इतिहास कशाचा लिहू, टायरचा?" बाकावरच्या एक आजी खुदकन हसल्या. तो लाल झाला, वकिलाची धमकी देऊन गेला. मी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन. पहिल्या मालकिणीची तेवढी एक ओळ काढ, गिऱ्हाईक बिचकतं. आमच्याकडे इतिहास तपासायची नोकरी आहे, ये मुंबईला, पुन्हा एकत्र काम करू. हे शेवटचं वाक्य तू मऊ आवाजात बोललास. तीन वर्षांपूर्वी बोलला असतास, तर मी बॅग भरली असती.

मी ती ओळ काढणार नाही. नोकरीही नको. आणि आता बोलतेच आहे तर हेही ऐक: तुमच्या माहितीपत्रकांत 'संशोधन: दुर्गेश' असं छापून येतं, ते मी पहिल्यांदा आलं तेव्हाच वाचलं होतं. त्यातल्या अर्ध्या गाड्या मी शोधलेल्या. तेव्हा गप्प राहिले, कारण तू आवडायचास. ताईंना 'नाव पुरं लिही' म्हणताना ऐकलं आणि माझी मलाच लाज वाटली. वेबसाइटवर आता प्रत्येक गाडीखाली जिनं किंवा ज्यानं शोधली, तिचं किंवा त्याचं नाव आहे. तुझ्या गाड्यांखाली तुझं आहे. एकही काढलं नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ती काळी गाडी घेऊ पाहणाऱ्या कोइमतूरच्या बाईंनी आमचं पान वाचलं आणि मला विचारलं, पहिल्या मालकिणीला भेटता येईल का? येत्या शनिवारी मुंबईत तुम्ही त्यांना गाडी सुरू करून दाखवणार आहात. त्यांनी प्रीतीताईंना बोलावलंय, आणि चालवायची विनंती केलीय. आम्ही दोघी येतोय. गाफील गाठलं असं तू उद्या म्हणू नयेस, म्हणून आधी कळवतेय. विक्की तिथं असेल. तो सगळ्यांसमोर विचारेल, ही बाई कोण? उत्तर तुला माहीत आहे. तू मोठ्यानं दिलंस, तर मला आनंद होईल. नाही दिलंस, तर बाजूला हो. ताईंना गाडी बाहेर काढायला जागा लागेल.

एकेकाळी तुझीच असलेली,
उन्नती