विहीणबाई, तिथंच थांबा!

कल्याण
ता. १२ डिसेंबर १९५७

चि. सौ. गोदास बायजाक्काचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे आता बरे आहेत. ते पुढे लिहिते.

तर काल पहिल्या आल्या त्या विहीणबाई! टांगा थांबला आणि मालनच्या आधी तिची सासू विमलाबाईच उतरली. नारायणपेठ नेसून, नाकाला पदर लावून. मागून आपली मालन, खांद्याशी माझा नातू. तीन महिन्यांचं पोर, गोदे, पण मान कशी ताठ धरतं! कपाळ थेट आपल्या बाबांचं.

विमलाबाई ओटा चढल्या आणि शिंकल्या. एकदा नाही, तीनदा. मी आतून ओरडले, "विहीणबाई, तिथंच थांबा! आत येऊ नका!"

मालन पांढरीफटक. विमलाबाई म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी केलं नाहीत. बारशाला आला नाहीत. आता दारातसुद्धा घेत नाही? आमचं चुकलं तरी काय हो?"

मग सांगितलं. तुलाही सांगते, रडू नको. मला संधिवात नाही. आषाढात परळच्या इस्पितळात रक्त तपासलं, त्यात कॅन्सर निघाला. रक्तातला. मंद चालीचा आहे म्हणाले, गोळ्या नेमाने घ्या आणि घरी स्वतःला सांभाळा. माझ्या लेकाला, राघोला तेवढं ठाऊक. मालन पोटुशी, लेकीला कसं सांगू? आणि तुला लिहायला बसले की पेनच पुढे जाईना.

सांभाळायचं म्हणजे काय, तर मीच माझी सासू झाले आहे! सकाळ-संध्याकाळ तोंडात नळी धरून ताप बघायचा. साक्षरतेच्या वर्गात आकडे शिकले ते बरं झालं, मीच लिहून ठेवते. शंभराच्या वर गेला की घरचं औषध नाही, त्याच दिवशी डॉक्टर. अंगावर काळानिळा डाग उठला का, बघायचं. पाणी उकळून प्यायचं. पडसंवाल्याला लांबून नमस्कार, मग तो कोणी का असेना. संधिवातावर तू पाठवलेला काढा गोळीबरोबर नको म्हणाले, तो मी जास्वंदीला घातला. फार बहरली आहे. रागावू नको.

विमलाबाई म्हणाल्या, "अहो, आणि मी साऱ्या नौपाड्यात सांगत सुटले, विहीण खर्चाला भ्याली म्हणून!" आणि नारायणपेठेसकट ओट्यावर फतकल मारून बसल्या. "पोर ठणठणीत आहे. मालन, डोळे पूस, साबणाने हात धू आणि दे त्याला आजीच्या मांडीवर. माझा चहा इथंच पाठवा."

गोदे, धरला मी त्याला! माझं बोट पकडलं ते सोडीचना.

हा रोग मुळापासून जात नाही म्हणतात. पण मागच्या महिन्यात रक्त पुष्कळ सुधारलेलं निघालं, डॉक्टर हसले.

जाताना विमलाबाई टांग्यातून ओरडल्या, "बोरन्हाण आजोळीच! अंगणात, उघड्यावर. ज्याचं नाक वाहील तो फाटकाबाहेर, मी असले तरी!" तूही ये. येताना काढा नको, तीळ आण.

संक्रांत मंगळवारी आहे, चौदा जानेवारीला. दुपारी चारला येतो म्हणाल्यात.

अजून पुष्कळ वर्षं तुला रागावणार आहे, ती तुझी
बायजाक्का